भांड्यांवरची नावे

भांड्यांच्या बाजारात ‘मोड’ असा एक शब्द आहे. घागर असो, घंगाळ असो की पानाचा डबा, मोडीत घातलेली वस्तू एकदा तराजूत पडली की तिचे स्वतःचे नाव संपते आणि उरते ते केवळ वजन. मराठवाड्यातल्या असंख्य घरांतून जुने पितळ असे बाहेर पडले आणि त्याच्या बदल्यात स्टील आत आले. वारशाने आलेल्या वस्तू निवडताना हा शब्द माझ्या मनात सारखा येत राहिला. निवड करणे म्हणजे अखेरीस कशाची मोड करायची आणि कशाची नाही, हेच ठरवणे असते.

आमचे मूळ गाव औसा तालुक्यातले. थोरल्या काकांनी नोकरीनिमित्त नांदेडला घर केले, वडिलांनी लातूरला. वाटणीत कागदपत्रांचा रुमाल नांदेडला गेला आणि भांड्यांच्या पेट्या लातूरला आल्या. रुमाल देवघराशेजारच्या कपाटात राहिला, पेट्या जिन्याखाली. काका गेल्यानंतर चुलतबहिणीने आणि मी या दोन्ही गोष्टी नांदेडला एकत्र मांडल्या, तेव्हा कपाट आणि जिना यांतला हा फरक मला प्रथमच जाणवला.

जुन्या कागदांविषयीचा आदर मराठी मनात रुजवण्यात वि. का. राजवाडे यांचा वाटा फार मोठा आहे. १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड प्रसिद्ध झाला, १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले, आणि वाड्यांच्या माळ्यांवर पडलेल्या दप्तरांना प्रतिष्ठा आली. आम्हीही रुमाल सोडला तो त्याच श्रद्धेने. काही कागद मोडीत होते, बरेचसे उर्दूत. निजामाच्या राजवटीत सरकारी कारभार उर्दूतून चाले. उर्दू जाणणाऱ्या एका निवृत्त शिक्षकांनी ते वाचून दाखवले. साऱ्याच्या पावत्या, एक गहाणखत, एक तडजोड. रकमा ‘हाली’ रुपयांत, म्हणजे हैदराबादच्या स्वतंत्र चलनात. जमीन कोणाची, कर्ज कोणाचे, साक्षीदार कोण, हे सगळे स्पष्ट कळले. मात्र त्या संपूर्ण रुमालात बाईचे एकही नाव नव्हते.

बायकांची नावे पेट्यांत होती. लग्नात मुलीला दिलेल्या भांड्यांवर नाव घालण्याची पद्धत आपल्याकडे सर्वत्र आहे. पूर्वी ते अणकुचीदार हत्याराने ठिपके ठोकून उठवीत. आमच्या सत्तावीस भांड्यांपैकी अठरांवरची अक्षरे लागली. एका तांब्याच्या घागरीवर मात्र असे नाव होते की जे आमच्यापैकी कोणीच ऐकलेले नव्हते. ऐंशी ओलांडलेल्या आत्यांनी त्या ठिपक्यांवरून बोट फिरवले आणि म्हणाल्या, “बाबा, हे माझ्या आजीचं नाव आहे. तिच्या माहेरी गेलो की तिला याच नावानं हाका मारायचे. आपल्या घरात कुणी मारली नाही.”

लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नवे नाव लिहिले जाते आणि तेच पुढे आयुष्यभर चालते. आमच्या पणजीचे जुने नाव त्या तांदळाखाली गेले. माहेरच्या माणसांबरोबर त्याचा उच्चारही संपला. उरले ते एका घागरीच्या खांद्यावर.

साहित्याच्या अभ्यासकाला पाठचिकित्सेची ओळख असते. जुन्या पोथीच्या पाठात परंपरेने काय आले, नकलकाराने काय भर घातली, संपादकाने कुठे हात आखडता घ्यावा, यांविषयी आपण वर्गात बोलतो. भांड्याची डागडुजी हेही एक संपादनच आहे, असे मला वाटते. कल्हई भांड्याच्या आतून होते. भांडे तापवून, नवसागर टाकून, कथलाचा हात फिरवला जातो. बाहेरच्या अक्षरांना तिचा धक्का लागत नाही. चिंचेने आणि राखेने घासलेल्या भांड्यावरही ठिपके पुष्कळ काळ टिकतात. परंतु हल्ली चकाकी आणण्यासाठी भांडे यंत्राच्या फिरत्या चाकावर धरतात. त्यात धातूचा पातळ थर खरवडला जातो आणि आधीच झिजलेली अक्षरे कायमची जातात. कागदाला सेलोटेप लावणे किंवा लॅमिनेशन करणे हाही त्यातलाच प्रकार. जी दुरुस्ती पुढे कोणाला मागे घेता येईल, तीच करावी, हे जतनाच्या शास्त्रातले मूलभूत तत्त्व आहे.

या तत्त्वाची कसोटी त्याच घागरीवर लागली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतरच्या रात्री, किल्लारीचा भूकंप झाला. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवरची माळवदे झोपलेल्या माणसांवर कोसळली. आमच्या घराची मागची बाजू पडली आणि त्यात थोरली चुलती गेली. घागर ढिगाऱ्यातून निघाली ती खांद्यावर मुठीएवढा पोचा घेऊन. पुनर्वसनात जमीनधारणेनुसार २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची घरे मिळाली. रांजण, घंगाळे आणि उतरंडी यांना तिथे जागा नव्हती. आमच्या पेट्या लातूरला आल्या त्या त्यामुळेच.

बहिणीला पोचा काढून हवा होता. चुलती म्हणजे तिची आई. “दादा, आईची आठवण मला या खड्ड्यातून नको,” ती म्हणाली. पोचा हादेखील त्या घागरीचा इतिहास आहे, हे माझे म्हणणे तिच्यापुढे फार पुस्तकी होते आणि ते मी लावून धरले नाही. निर्णय तांबटाच्या सांगण्यावरून झाला. नावातली दोन अक्षरे पोच्याच्या उतारावर होती. ठोकून तो सरळ केला तर ती चेपली जाणार होती. चुलतीचा घाव पुसायचा तर पणजीचे नाव जात होते. बहीण बराच वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, “नुसती कल्हई करा.” घागर आता तिच्याकडे नांदेडला आहे. ती तिच्यात रोज पाणी भरते. पोच्याची बाजू भिंतीकडे असते.

कवी ‘अज्ञातवासी’ म्हणजेच दिनकर केळकर यांनी दिवे, अडकित्ते अशा घरगुती वस्तू आयुष्यभर जमवल्या. दिवंगत मुलाच्या नावाने उभ्या राहिलेल्या त्यांच्या पुण्यातील संग्रहालयात वीस हजारांहून अधिक वस्तू आहेत. राजवाड्यांच्या कार्याइतकेच ते मोलाचे आहे. पण संग्रहालयात वस्तू पोहोचते. ती ओळखणारे माणूस घरीच राहते. म्हणून काही कामे घरातच व्हायला हवीत. भांडे घासण्यापूर्वी ठिपक्यांत रांगोळीची पूड भरावी, तिरप्या उजेडात छायाचित्र घ्यावे, आणि नाव कोणी ओळखले हेही लिहून ठेवावे. मराठीच्या विद्यार्थ्यांना क्षेत्रकार्यासाठी याहून जवळचा विषय मिळणे कठीण.

आमच्या वहीत नऊ भांड्यांपुढची जागा अजून कोरी आहे. आत्यांची नजर अधू होत चालली आहे, पण बोटांना अक्षरे लागतात. पुढच्या रविवारी उरलेली भांडी त्यांच्यापुढे ठेवायची आहेत.