थोरला भाऊ, धाकटा भाऊ

सेवाव्रती माणसांची चरित्रे मराठी वाचकाला नेहमीच प्रिय वाटत आली आहेत. सुमती देवस्थळे यांनी श्वाइट्झरचे चरित्र मराठीत लिहिले आणि गाबोनमधील ओगोवे नदीकाठचे लांबारेने हे दूरचे गाव आपल्याकडील कितीतरी वाचकांच्या ओळखीचे झाले. बाखचे संगीत आणि धर्मशास्त्राचे अध्यापन मागे ठेवून १९१३ साली पत्नी हेलेन हिच्यासह आफ्रिकेच्या अरण्यात गेलेला, तेथेच १९६५ साली देह ठेवणारा हा डॉक्टर आपल्या मनात संतांच्या पंक्तीत जाऊन बसला. १९५२ सालच्या नोबेल शांतता पारितोषिकाने त्यावर जगाचीही मुद्रा उमटली.

त्याच श्वाइट्झरने १९२१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात आफ्रिकी माणसाशी असलेल्या नात्याविषयी एक सूत्र मांडले होते. हा माझा भाऊ खरा, पण मी थोरला आणि तो धाकटा, असा त्याचा आशय. चिनुआ अचेबे यांनी १९७५ साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात दिलेल्या व्याख्यानात नेमके यावर बोट ठेवले. भावाच्या नात्यात हे थोरलेपण कोणी कोणाला दिले? ज्याच्या जखमेवर पट्टी बांधली गेली त्याला कोणी विचारले होते काय? तौलनिक साहित्याच्या विद्यार्थ्याला हा प्रश्न टाळता येत नाही. कारण उपकारकर्त्याचे चरित्र लिहिले जाते, उपकृताचे क्वचितच.

तंजावरच्या मुक्कामात या प्रश्नाला अनपेक्षित सोबत मिळाली. बृहदीश्वराच्या मंदिरापासून जवळच, शिवगंगा तळ्याच्या परिसरात, श्वार्ट्झच्या नावाने ओळखले जाणारे चर्च आहे. क्रिस्तियान फ्रीड्रिख श्वार्ट्झ हा जर्मन मिशनरी १७५० साली तरंगमबाडीला उतरला, आणि १७९८ साली तंजावरातच वारला. त्याला तमिळ येत होती, फारसी येत होती, आणि येथील दरबाराची मराठीही येत होती. हैदर अलीच्या स्वारीत मुलूख उजाड झाला तेव्हा त्याने आधीच घेऊन ठेवलेल्या तांदळावर भुकेलेल्यांना जगवले. जुलमाला कंटाळून परागंदा झालेले शेतकरी सरकारच्या नव्हे, त्याच्या शब्दावर परत आले. तुळजाराजांनी १७८७ साली आपला दत्तक पुत्र सरफोजी याला त्याच्याच ओटीत घातले. पुढे राजा झालेल्या सरफोजींनी फ्लॅक्समन या इंग्रज शिल्पकाराकडून जे संगमरवरी स्मारक करवून घेतले, ते या चर्चमध्ये आहे. शय्येवर मरणासन्न वृद्ध, आणि त्याचा हात हाती घेतलेला राजा. थोरला पडलेला आहे, धाकटा उभा आहे. येथे कथा धाकट्याने सांगितली आहे. लांबारेनेला असे घडले नाही. आपल्या भाषेत बोलणाऱ्या परक्याला सरफोजींनी आपल्या पैशाने आणि आपल्या इच्छेने दगडात कोरवले.

सरफोजींनी वैद्यकाच्या बाबतीत जे केले, त्यातही हेच सूत्र दिसते. धन्वंतरी महालात त्यांनी वैद्य आणि औषधे एकत्र आणली. नेत्ररोग्यांच्या नोंदी आणि डोळ्यांची चित्रे सरस्वती महाल ग्रंथालयात अद्याप आहेत. पण सिद्ध झालेली औषधयोजना त्यांच्या काळी ग्रथित झाली ती तमिळ पद्यात. राजा मराठी, मोडी लिपीतले दप्तर मराठी. रोगी मात्र तमिळ. औषध रोग्याच्या भाषेत गेले पाहिजे, हे त्या दरबाराला उमगले होते.

आता महाराष्ट्राकडे वळू. २३ डिसेंबर १९७३ रोजी बाबा आमटे यांनी भामरागडच्या अरण्यात हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला आणि त्याची धुरा डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांच्याकडे गेली. ना वीज, ना पावसाळ्यात रस्ता. पहिल्या काळात माडिया गोंड माणसे परक्यांना पाहून दूर जात. या दांपत्याने आधी माडिया बोली शिकून घेतली. उघड्या अंगाच्या रोग्यांसमोर आपले कपडे खटकू लागले तेव्हा प्रकाशरावांनी बनियन आणि अर्धी चड्डी एवढाच वेष कायमचा केला. मलेरियापासून अस्वलाने फाडलेल्या चेहऱ्यापर्यंत जे समोर येईल ते त्यांनी हाताळले. १९७६ साली आश्रमशाळा निघाली. तिच्यातून शिकलेली माडिया मुले पुढे डॉक्टर झाली, वकील झाली. २००८ साली या दोघांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

हेमलकशाविषयी लिहिताना श्वाइट्झरची आठवण सहज काढली जाते. मला दोघांत मोठे अंतर दिसते, आणि ते भाषेचे आहे. श्वाइट्झरने अर्धशतक दुभाष्यांच्या मुखाने रोग्यांशी संवाद केला. हेमलकशाला दुभाषा निघून गेला. तंजावरच्या बाजारात हिंडताना या गोष्टीचा आणखी एक पदर उलगडतो. येथे भाजीवाली रेंडु, मूणु, नालु असे मोजते. गोंडीत तेच रंड, मुंड, नालुंग. डोळा दोन्हीकडे कण्, हात दोन्हीकडे कै, दूध दोन्हीकडे पाल. महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला राहणारा माडिया भाषेच्या नात्याने मुंबई-पुण्याचा नव्हे, कावेरीकाठचा आप्त आहे. मग आपण ज्याला आपल्या राज्यातला ‘मागासलेला बांधव’ म्हणतो, त्याचे थोरलेपण किंवा धाकटेपण ठरवण्याचा अधिकार आपल्याला कोणत्या वंशावळीने मिळाला?

येथे एक आक्षेप रास्त आहे. मध्यरात्री पोटात कळा येऊन तळमळणारा माणूस डॉक्टरच्या व्याकरणाची परीक्षा घेत नाही. श्वाइट्झरच्या हातून हजारोंच्या वेदना थांबल्या, त्या भाषेवाचूनच थांबल्या. उलट भाषा जाणणारा श्वार्ट्झ धर्मांतराचा हेतू बाळगूनच आला होता. भाषा शिकली म्हणजे मन निर्मळ झाले, असे मुळीच नाही. हा आक्षेप मी मान्य करतो. परंतु दुखणे थांबल्यानंतरही माणूस उरतो, आणि त्याला काही सांगायचे असते. ते ऐकायला भाषा लागते. ऐकले गेले नाही तर दुखणे बरे होते आणि धाकटेपण मात्र जन्मभर चिकटून राहते.

तंजावरची मराठी तमिळच्या समुद्रात साडेतीन शतके टिकली, याचे आपल्याला कौतुक वाटते. पण तिच्यामागे राजा होता, दप्तर होते, बृहदीश्वराच्या भिंतीवरचा १८०३ सालचा लांबलचक शिलालेख होता. २०११ च्या जनगणनेत सुमारे २९ लाखांनी मातृभाषा म्हणून सांगितलेल्या गोंडीला असे दप्तर लाभले नाही. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतही तिला स्थान नाही. आश्रमशाळेतले माडिया मूल मराठीतून शिकून डॉक्टर होते, ही सेवेची सिद्धी आहे. त्या डॉक्टरची मुले आजीशी कोणत्या भाषेत बोलतील, हा तिच्यापुढचा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर एकट्या हेमलकशाने द्यावे अशी अपेक्षा अन्यायाची होईल. ते विद्यापीठांनी, साहित्यसंस्थांनी, आपण मराठी वाचकांनी द्यायचे आहे.

हेमलकशाची कथा आजवर बहुतेक मराठीत सांगितली गेली, आणि चांगली सांगितली गेली. ज्या दिवशी ती एखादा माडिया आपल्या भाषेत लिहील, आणि आपल्याला ती अनुवादातून वाचावी लागेल, त्या दिवशी भावाभावांतले हे थोरले-धाकटे संपले असे समजावे.