पत्ता देणारे दोघे

कापसाचा हंगाम ऐन भरात आला असताना वजनकाट्यावरील पावती अडली, म्हणजे किती जणांचा खोळंबा होतो, याची कल्पना हिंगणघाटच्या एखाद्या जिनिंगच्या फाटकाशी उभे राहिल्यावाचून यावयाची नाही. वणा नदीकाठच्या या गावाच्या कापसाचा भाव इंग्रजी अमदानीत थेट लिव्हरपूलच्या बाजारात सांगितला जात असे. आता त्याच गावी गाडी काट्यावर चढली, की वजनाचा आकडा कचेरीतील सर्व्हरकडे जातो आणि सर्व्हरचा हुकूम सुटताच काट्याच्या केबिनमधील प्रिंटर पावती काढून देतो. हा प्रिंटर अधूनमधून मुका होऊ लागला, तेव्हा तेथील दिवाणजींनी मला वर्ध्याहून पाचारण केले. "वजन होऊन जाते साहेब, पन पावतीच निघून नाही राहिली," एवढीच त्यांची फिर्याद होती.

सर्व्हरचा हुकूम नेमक्या यंत्राकडे पोहोचावा म्हणून संगणकांच्या जाळ्यातील प्रत्येक यंत्रास आयपी पत्ता लागतो, आणि तो बहुधा डीएचसीपी नामक व्यवस्थेमार्फत मुदतीच्या पट्ट्याने मिळतो. तिचा आज रूढ असलेला मसुदा १९९७ सालचा. यंत्र चालू होताच पत्त्यासाठी चहूकडे पुकारा करते, सर्व्हर देकार देतो, यंत्र त्या देकाराची मागणी नोंदवते, आणि सर्व्हरने पोच दिली की व्यवहार पक्का होतो; निम्मी मुदत सरताच नूतनीकरणाचा अर्जही यंत्रच आपण होऊन करते. ज्याचा पत्ता बदलून चालावयाचे नाही, अशा यंत्राच्या मॅक क्रमांकासमोर, म्हणजे त्याच्या अंगच्या ओळखक्रमांकासमोर, ठराविक पत्ता सर्व्हरच्या दप्तरी लिहून ठेवण्याची सोय असते, आणि येथेही प्रिंटरच्या नावे १९२.१६८.१.५० हा पत्ता रीतसर लिहिलेला होता.

प्रिंटरच्या पाठीवरील मॅक क्रमांकाच्या चिठ्ठीचे अक्षर इतके बारीक, की आठाचा आकडा आणि बी हे अक्षर यांत फरक करणे कठीण. म्हणून तो क्रमांक मी प्रिंटरकडूनच छापून घेतला आणि दप्तराशी ताडून पाहिला. तो अक्षरशः जुळला. राखीव पत्ता सरसकट वाटपाच्या, म्हणजे शंभर ते दोनशेच्या, हद्दीबाहेर होता, तेही योग्यच. मग सर्व्हरची नोंदवही उघडली. प्रिंटरचा पुकारा आणि आमच्या सर्व्हरचा देकार तिच्यात होता. पण त्यापुढील मागणी १९२.१६८.०.१०५ या परक्या पत्त्याची असून तिच्यासमोर देणारा म्हणून भलत्याच सर्व्हरचा उल्लेख होता!

पत्त्यांच्या घोटाळ्याचे आमच्या जिल्ह्याला नावीन्य नाही. १९३६ साली गांधीजी वर्ध्याजवळच्या सेगावात राहावयास आले, तेव्हा त्यांची पत्रे बुलढाणा जिल्ह्यातील शेगावास जाऊ लागली, आणि अखेर १९४० साली सेगावचे सेवाग्राम करावे लागले. येथे मात्र नाव बदलून भागण्यासारखे नव्हते, कारण पत्ता देणारेच दोघे झाले होते, आणि ज्याचा देकार आधी पोहोचेल त्याचा प्रिंटर स्वीकारीत असल्यामुळे दोष कधी प्रकट होई, कधी नाही.

दुसरा दाता केबिनमधील टेबलाखाली, सरकीच्या धुळीने माखलेला सापडला. कॅमेऱ्यासाठी कोणीतरी एक वायफाय राउटर आणून बसविला होता, आणि कचेरीकडून आलेली तार त्याच्या बाहेरच्या छिद्रात न खोचता आतल्या छिद्रात खोचली होती. त्यामुळे त्याचा पत्तेवाटपाचा कारभार सबंध जाळ्यावर पसरला होता. मी तो कारभार बंद केला, राउटरलाही आमच्याच जाळ्यातला एक पत्ता दिला, आणि प्रिंटर बंद करून पुन्हा चालू केला. पाहतो तो प्रिंटर पुन्हा १०५ वरच!

याचे कारण शोधताना मला या व्यवस्थेच्या कर्त्यांच्या सावधपणाचे कौतुक वाटले. पुन्हा चालू झालेले यंत्र प्रथम आपला जुनाच पत्ता मागते, आणि कोणीच नकार दिला नाही तर पट्ट्याची मुदत संपेपर्यंत त्याच पत्त्यावर राहण्याची त्याला मुभा असते. नकार देण्याचा अधिकार आमच्या प्रकारच्या सर्व्हरला आपोआप मिळत नाही. एखाद्या नवशिक्याने बसविलेल्या सर्व्हरने भल्या यंत्रांना उगाच हुसकावू नये, म्हणून 'ऑथॉरिटेटिव्ह' हा एक शब्द चालकाने स्वतः लिहून तो अधिकार द्यावा लागतो. आमच्या फाइलीत तो शब्द होता, पण त्याच्याआधी चौकटीचे (#) चिन्ह असल्यामुळे निव्वळ टीप म्हणून पडून होता, आणि नोंदवहीतही, अधिकार नसल्यामुळे दुर्लक्ष केले, असा शेरा सर्व्हर इमानाने लिहीत आला होता.

ते चिन्ह पुसून सेवा नव्याने सुरू केली. प्रिंटरने १०५ मागितला, त्याला नकार गेला, त्याने पुन्हा पुकारा केला आणि ५० वर मुकाट्याने येऊन बसला. बाहेर खोळंबलेल्या गाड्यांच्या पावत्या एकापाठोपाठ एक निघू लागल्या, तसे दिवाणजींनी टेबलाखाली वाकून पाहिले आणि "ते डबडं फेकूनच द्या ना," असे सुचविले. ती सूचना मात्र मला मानता आली नाही. कॅमेरा त्या डबड्यावाचून चालत नव्हता.