एका शब्दाची मालकी

शब्द कोणाचा असतो, हा प्रश्न भाषेच्या अध्यापकाला वारंवार पडतो. मला त्याचे सर्वांत बोलके उत्तर साहित्यशास्त्रात नव्हे, तर एका जपानी यंत्रकंपनीच्या इतिहासात सापडले.

यास्कावा इलेक्ट्रिक ही कंपनी १९१५ साली क्यूशू बेटावर, आजच्या कीताक्यूशू शहरात स्थापन झाली. विजेच्या मोटारी, सर्व्हो, औद्योगिक रोबो ही तिची उत्पादने. १९६९ साली तेथील अभियंते तेत्सुरो मोरी यांनी यंत्रविद्या आणि इलेक्ट्रॉनिक्स यांचा सांधा दाखवण्यासाठी ‘मेकॅट्रॉनिक्स’ हा शब्द घडवला. मूळच्या ग्रीक ‘इलेक्ट्रॉन’ची त्यात मधोमध चिरफाड झाली आहे, व्युत्पत्तीचा आग्रह धरणाऱ्या कोणत्याही समितीने तो नामंजूरच केला असता. कंपनीने तो व्यापारचिन्ह म्हणून नोंदवला आणि पुढे, १९८०च्या दशकात, त्यावरचा हक्क सोडून दिला. आज त्या नावाने जगभर पदव्या दिल्या जातात.

या व्यवसायाची बाकीची परिभाषाही पाहण्यासारखी आहे. ‘सर्व्हो’च्या मुळाशी लॅटिनमधला दास आहे, कारेल चापेकच्या १९२० सालच्या नाटकातून आलेल्या ‘रोबो’च्या मुळाशी चेक भाषेतली वेठ. आपला ‘यंत्र’ हा शब्द मात्र आवरणे, ताब्यात ठेवणे या अर्थाच्या ‘यम्’ धातूपासून आला. ‘संयम’ आणि ‘नियंत्रण’ हे त्याचेच भाऊबंद. सर्व्हो मोटार चालते तीही याच अर्थाने. किती फिरायचे आणि प्रत्यक्षात किती फिरलो, यांतला फरक ती सतत मोजून घेते व भरून काढते. ती निव्वळ आज्ञा पाळत नाही, स्वतःला आवरते.

यावरून आपली परंपरा अधिक उदार होती, असा निष्कर्ष मात्र काढू नये. चेक शब्दाला ‘वेठ’ हा मराठी प्रतिशब्द शोधावा लागला नाही. तो तयारच होता, कारण वेठबिगार आपल्याकडेही होती.

मराठीत परिभाषा घडवताना आपण शब्दाच्या शुद्धतेची राखण फार करतो. कोशात निर्दोष बसलेले कित्येक शब्द वर्गात, कारखान्यात कोणाच्याच तोंडी नसतात. मोरींचा सांधेजोड शब्द जगला तो पुष्कळांना त्याची गरज होती म्हणून, आणि वापरणाऱ्यांना अडवणारा कोणी उरला नाही म्हणूनही. शब्द घडवणाऱ्याला तो सोडताही यायला हवा, असे मला वाटते.