एका बाईची पाच आडनावं

ग्वाल्हेरच्या शिंद्यांबद्दल वाचता वाचता मी दमास्कसला पोहोचले. मधे लंडन, म्युनिक, अथेन्स लागलं. आणि ही सगळी वाट उघडली ती वंशावळीच्या पुस्तकातल्या एका घटस्फोटाच्या नोंदीनं! ही गोष्ट कुणाला सांगू आणि कुणाला नको असं मला झालंय, म्हणून हे लिहायला बसले.

सुरुवात १८४३ सालापासून करते. जनकोजीराव शिंदे वारले, मागे उरली कोवळ्या वयाची विधवा ताराबाई आणि दत्तक घेतलेला छोटा जयाजीराव. दरबारात भांडणं लागली, आणि ती संधी साधून गव्हर्नर जनरल लॉर्ड एलनबरो फौज घेऊन चालून आला. २९ डिसेंबरला एकाच दिवशी महाराजपूर आणि पनियार अशा दोन लढाया झाल्या, शिंद्यांच्या तोफा शेवटपर्यंत धडधडल्या, आणि ग्वाल्हेरचं लष्कर खच्ची झालं. महाराजपूरला एलनबरो स्वतः हजर होता. आदल्या वर्षी गझनीहून ‘सोमनाथचे दरवाजे’ मोठ्या थाटात हिंदुस्थानात आणवणारा तो हाच. (ते दरवाजे सोमनाथचे नव्हतेच, हे पुढे उघड झालं.) हा माणूस होता तरी कोण, कुणाचा मुलगा, एवढंच मला बघायचं होतं. म्हणून इंग्लंडच्या उमराव घराण्यांच्या वंशावळीत त्याचं पान काढलं.

बाप एडवर्ड लॉ, म्हणजे वॉरन हेस्टिंग्जवरच्या गाजलेल्या खटल्यात हेस्टिंग्जचा मुख्य वकील, पुढे इंग्लंडचा सरन्यायाधीश. इथेच मी सरसावून बसले. मराठ्यांशी पहिलं युद्ध झालं ते हेस्टिंग्जच्या कारकिर्दीत, आणि त्याच्या वकिलाचा मुलगा शिंद्यांवर चालून येतो! त्याखाली लग्नं: पहिली बायको ऑक्टेव्हिया, परराष्ट्रमंत्री कॅसलरीची सावत्र बहीण, १८१९ मध्ये वारली. दुसरी, १८२४ : जेन एलिझाबेथ डिग्बी. घटस्फोट, १८३०. एक मुलगा, बालपणी वारला. त्यामुळे १८७१ मध्ये एलनबरो गेला तेव्हा अर्ल हा किताब त्याच्याबरोबर संपला आणि बॅरनपद पुतण्याकडे गेलं.

संपलं पान. पण मी त्या एका शब्दावरच अडकून पडले. १८३० मध्ये घटस्फोट? त्या काळी इंग्लंडमध्ये पुन्हा लग्न करता येईल असा पूर्ण घटस्फोट हवा असेल तर पार्लमेंटकडून त्या एका जोडप्यापुरता स्वतंत्र कायदा करून घ्यावा लागे. कोर्टातून घटस्फोट मिळण्याची सोय १८५७ च्या कायद्यानं झाली. त्याआधीच्या जवळजवळ दोन शतकांत असे घटस्फोट झाले ते तीनशेहून थोडेसेच जास्त. म्हणजे एलनबरोंच्या घरात जे घडलं ते उमरावांच्या सभागृहात उघड्यावर आलं असणार, साक्षी झाल्या असणार, छापल्या गेल्या असणार. आणि खरंच तसं झालं होतं! नोकरांच्या साक्षी, ब्रायटनच्या हॉटेलातल्या माणसांची साक्ष, सगळं वर्तमानपत्रांत. नवरा त्या वेळी ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारावर देखरेख करणाऱ्या मंडळाचा अध्यक्ष, म्हणजे लंडनमध्ये बसून हिंदुस्थानचा कारभार बघणारा मंत्री. बायको तेवीस वर्षांची. सतराव्या वर्षी तिचं लग्न चौतिसाच्या बिजवराशी लावून दिलेलं. तिच्याकडचं कुणी काही विचारलं होतं का, याची नोंद कुठल्याही वंशावळीत नसते.

मग मी डिग्बींचं पान काढलं, आणि तिथून मला झोप नाही.

बाप हेन्री डिग्बी, आरमारातला कप्तान. १७९९ मध्ये स्पेनचं खजिन्याचं जहाज पकडण्यात तो सामील होता आणि त्याच्या एकट्याच्या वाट्याला चाळीस हजार पौंडांहून जास्त रक्कम आली. पुढे ट्रफाल्गारच्या लढाईत ‘आफ्रिका’ या जहाजाचा कप्तान. आई मात्र बऱ्याच कागदांत ‘लेडी अँडोव्हर’ म्हणून भेटते. डिग्बीची बायको अँडोव्हर कशी? कारण तिचंही हे दुसरं लग्न! पहिला नवरा व्हायकाउंट अँडोव्हर १८०० मध्ये शिकारीत बंदुकीच्या अपघातानं गेला, १८०६ मध्ये तिनं डिग्बीशी लग्न केलं, पण वरच्या दर्जाचा जुना किताब सोडला नाही. हे कळलं आणि एकदम कितीतरी कागद जुळले. पुढच्या वर्षी, ३ एप्रिल १८०७ ला, जेन जन्मली.

आईचं माहेर म्हणजे नॉरफोकमधलं होल्कम, शेतीसुधारणांसाठी प्रसिद्ध असलेल्या थॉमस कोकचं घर. त्याच्या दुसऱ्या मुलीचं लग्न अँसन घराण्यात झालं होतं. त्यांचा मुलगा जॉर्ज अँसन, म्हणजे जेनचा सख्खा मावसभाऊ. एलनबरोशी लग्न झाल्यावर जेनचं मन गुंतलं ते याच्यात. आता हे नाव आपण कुठे वाचलंय? १८५७! मेरठला उठाव झाला तेव्हा हिंदुस्थानातल्या इंग्रज फौजेचा सरसेनापती जनरल जॉर्ज अँसन. सिमल्याहून दिल्लीकडे निघाला आणि २७ मेला कर्नालला कॉलऱ्यानं मेला. तोच हा मावसभाऊ! ग्वाल्हेरवर चालून आलेला गव्हर्नर जनरल तिचा नवरा, आणि सत्तावनचा सरसेनापती तिचा प्रियकर. आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत ही दोन नावं किती वेळा येतात, पण त्यांना जोडणारी बाई एकदाही येत नाही. मी कागदावर दोन्ही नावं लिहून मधे ‘जेन’ लिहिलं आणि किती तरी वेळ त्याकडे बघत बसले.

इथे मला या वंशावळींबद्दल थोडं बोलायचंय. आपले कुलवृत्तांत आठवा. पुरुषाची हकीकत सविस्तर, आणि बाई एका ओळीत: माहेरचं नाव, सासरचं नाव, मुलं इतकी. मुलगी लग्न होऊन गेली की त्या घरच्या पुस्तकातून उठली. इंग्रज उमरावांचं पुस्तकही तसंच. त्यामुळे जी बाई चार लग्नं करते ती चार घरांच्या पुस्तकांत एकेक ओळ ठेवून पुढे निघून जाते, आणि प्रत्येक पुस्तकाला वाटतं की आपल्याबरोबर तिची गोष्ट संपली. तिचं आयुष्य हवं असेल तर ही सगळी पुस्तकं शेजारी शेजारी उघडी ठेवावी लागतात. खरं सांगते, यासारखा आनंद मला बऱ्याच वर्षांत मिळाला नव्हता.

घटस्फोटाला कारण झाला तो ऑस्ट्रियाच्या वकिलातीतला तरुण, प्रिन्स फेलिक्स श्वार्झेनबर्ग. त्याच्यापासून तिला बाझेलला मुलगी झाली, माटिल्डा. ती पुढे श्वार्झेनबर्गच्या बहिणीनं वाढवली. नंतर पॅरिसला झालेला मुलगा काही आठवड्यांतच गेला. श्वार्झेनबर्गनं तिच्याशी लग्न केलं नाही, कुणाशीच केलं नाही. १८४८ च्या उलथापालथीत मात्र तो ऑस्ट्रियाचा पंतप्रधान झाला. म्हणजे युरोपच्या इतिहासातला हाही माणूस तिच्या पानावर!

मग म्युनिक. बव्हेरियाचा राजा पहिला लुडविग याला सुंदर स्त्रियांची चित्रं काढून घेण्याची हौस होती. निम्फेनबुर्ग राजवाड्यातल्या त्याच्या दालनात ३६ तसबिरी आहेत, आणि त्यांत १८३१ मध्ये योझेफ श्टीलरनं काढलेली जेन आहे. मी ते चित्र पाहिलं. इतके दिवस सन आणि किताब यांतून शोधत असलेल्या बाईचा चेहरा एकदम समोर येतो तेव्हा काय होतं, ते ज्यांनी असा शोध घेतलाय त्यांनाच कळेल. तिथे तिनं बॅरन कार्ल फॉन वेनिंगेन याच्याशी लग्न केलं. हेरिबर्ट आणि बर्था अशी दोन मुलं झाली. मग ग्रीसचा काउंट स्पिरिडॉन थिओतोकी तिच्या आयुष्यात आला, वेनिंगेननं त्याला द्वंद्वाचं आव्हान दिलं, थिओतोकी जखमी झाला. आणि पुढे? वेनिंगेननं तिला मोकळं केलं, मुलं स्वतः वाढवली आणि तिच्याशी जन्मभर स्नेह ठेवला. या सगळ्या गोष्टीत मला हा माणूस फार आवडला. वंशावळीत तो फक्त ‘दुसरा नवरा’ आहे.

थिओतोकींशी लग्न करण्यासाठी तिनं ग्रीक ऑर्थोडॉक्स पंथ स्वीकारला. त्यांचा मुलगा लिओनिदास. तिला एकूण सहा मुलं झाली, आणि ज्याला तिनं खरोखर जवळ ठेवून वाढवलं असा हा एकच. १८४६ मध्ये, सहा वर्षांचा असताना, तो बाल्कनीतून खाली पडून गेला. वंशावळीत याची ओळ अगदी छोटी असते: जन्म १८४०, मृत्यू १८४६. आतापर्यंत मी एकेक नाव सापडलं की टाळ्या पिटत होते. या ओळीवर आल्यावर मी कागद बाजूला ठेवले आणि त्या दिवशी पुन्हा हात लावला नाही. तिची लग्नं मोजणारे लोक हे मूल का मोजत नाहीत? थिओतोकींचा संसारही त्याच वर्षी मोडला.

त्यानंतर ग्रीसमध्ये एका स्वातंत्र्ययोद्ध्या सेनापतीबरोबरचा काळ आहे, त्यावर मी थांबत नाही, कारण मला दमास्कसची घाई झालीय.

वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी ती सीरियाला गेली. पाल्मिराचे अवशेष बघायचे होते, आणि त्या वाटेवर प्रवाशांना संरक्षण देण्याचं काम मेझ्राब टोळीकडे होतं. हे मेझ्राब म्हणजे अनिझा या प्रचंड बदावी कुळाची एक शाखा. त्यांच्यातला शेख मेजुएल तिच्याबरोबर निघाला. तो तिच्यापेक्षा जवळपास वीस वर्षांनी लहान. त्यानं तिला मागणी घातली. दुसरी बायको ठेवायची नाही, ही तिची अट. इंग्रज वकिलातीनं विरोध केला, तिनं तो जुमानला नाही, मुसलमानी रीतीनं लग्न केलं, आणि हे लग्न पंचवीस वर्षांहून जास्त, तिच्या मरणापर्यंत टिकलं. वर्षातले सहा महिने वाळवंटात काळ्या तंबूत, सहा महिने दमास्कसच्या घरात. अस्खलित अरबी, अंगात निळा बदावी झगा, हातात उंटिणीच्या दुधाचं भांडं. लंडनच्या मेजवान्यांत मिरवलेली तीच ही बाई! मेझ्राबांची वंशावळ छापील पुस्तकात नव्हती, ती तोंडी होती, अमक्याचा मुलगा तमका अशी पिढ्यान्‌पिढ्या म्हटली जाणारी. तिथेही बायका नाहीतच. पण आपल्या सहीत मात्र तिनं माहेर आणि सासर दोन्ही ठेवलं: जेन डिग्बी अल-मेझ्राब.

आणि दमास्कसला तिच्याकडे कोण येत असे? रिचर्ड बर्टन आणि त्याची बायको इझाबेल. बर्टन १८६९ ते १८७१ तिथे इंग्रज वकील होता. हा तोच बर्टन, जो तरुणपणी मुंबईच्या फौजेत नोकरीला होता, बडोद्याच्या छावणीत राहिला, गोव्यावर पुस्तक लिहून गेला आणि मराठीची परीक्षाही उत्तीर्ण झाला. त्याच बैठकीत अल्जीरियाचा अमीर अब्द अल कादिर, ज्यानं १८६० च्या दंगलीत दमास्कसच्या हजारो ख्रिश्चनांना वाचवलं. दमास्कसमधल्या त्या संध्याकाळी मराठी येणारा एक माणूस आणि शिंद्यांवर चालून आलेल्या लाटसाहेबाची एके काळची बायको शेजारी बसत होती, हे मला कुणीतरी आधी का नाही सांगितलं!

११ ऑगस्ट १८८१ ला ती तापानं आणि हगवणीनं गेली. तिथल्याच प्रोटेस्टंट दफनभूमीत तिला पुरलं. थडग्यावर ती अ‍ॅडमिरल डिग्बीची मुलगी आहे, आणि पाल्मिराच्या दगडावर अरबीत मेझ्राब आहे. एलनबरो नाही, वेनिंगेन नाही, थिओतोकी नाही.

मी इथेच थांबले असते. पण वंशावळीचं पान उलटायचा मोह कुणाला आवरलाय? जेनचा भाऊ एडवर्ड पुढे नववा लॉर्ड डिग्बी झाला. त्याच्या मुलाचं नाव एडवर्ड हेन्री ट्रफाल्गार डिग्बी; आजोबांची लढाई नातवाच्या नावात! त्याचा मुलगा अकरावा लॉर्ड, आणि त्याची मुलगी पामेला डिग्बी, जन्म १९२०. जेन म्हणजे तिच्या पणजोबांची बहीण. पामेलाची लग्नं मी बोटांवर मोजली: पहिलं १९३९ मध्ये रँडॉल्फ चर्चिलशी, म्हणजे ती विन्स्टन चर्चिलची सून, दुसरं ब्रॉडवेचा निर्माता लेलँड हेवर्डशी, तिसरं न्यूयॉर्कचा माजी गव्हर्नर अ‍ॅव्हरेल हॅरिमनशी. अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं, आणि १९९३ मध्ये क्लिंटननी तिला फ्रान्समध्ये अमेरिकेची राजदूत नेमलं. १९९७ मध्ये पॅरिसमध्ये त्याच पदावर असताना ती गेली. पणजोबांच्या बहिणीला युरोपातल्या दिवाणखान्यांची दारं बंद झाली होती. हिला राष्ट्राध्यक्षांनी तिथे पाठवलं.

आणि पामेलाची आजेसासू, विन्स्टनची आई, ब्रुकलिनची जेनी जेरोम! तीन लग्नं: पहिलं लॉर्ड रँडॉल्फ चर्चिलशी, दुसरं १९०० मध्ये अशा माणसाशी जो मुलाच्याच वयाचा, तिसरं १९१८ मध्ये मुलापेक्षाही लहान असलेल्या माणसाशी. ब्रुकलिन ते ब्लेनहाइम राजवाडा, एका बाईत. टेबलावर डिग्बींच्या शेजारी आता चर्चिलांचं पुस्तक उघडून ठेवलंय.