पत्त्यांतली जमीन



आपल्या घरात पत्ते चालतात का? बहुतेकींचं उत्तर 'नाही' असंच असेल. पाठशाळेत सात व्यसनांची नावं पाठ करताना पहिलंच नाव येतं द्यूताचं, आणि द्यूत म्हटलं की मोठ्यांच्या डोळ्यांपुढे पत्तेच उभे राहतात. त्यामुळे आमच्या मेडशीच्या घरात आम्ही सासू-सुना रोज संध्याकाळी पत्त्यांचा एक डाव मांडतो हे वाचून काहीजणींच्या भुवया उंचावतील. म्हणून सगळं नीट सांगते.

जमिनीचे तुकडे जोडत नकाशा वाढवायचा, असे खेळ परदेशात बरेच निघाले आहेत. 2000 साली जर्मनीत आलेला 'कार्कासोन' त्यातला सगळ्यात प्रसिद्ध. पण त्याला जाड पुठ्ठ्याचे 72 तुकडे आणि मोठी जागा लागते. पुण्याला नोकरीला असलेल्या माझ्या मुलाने पाठवला तो त्याचा लहान भाऊ म्हणायला हवा. 'सर्कल द वॅगन्स' त्याचं नाव, 2017 मधला अमेरिकेतला खेळ. फक्त 18 पत्ते, खेळणारे दोघं, आणि पंधरा मिनिटांत डाव संपतो. हा घरी छापून कापून घेता येतो.

प्रत्येक पत्त्याचे चार चौकोन असतात आणि प्रत्येक चौकोनात एक प्रकारची जमीन. असे जमिनीचे सहा प्रकार. पाठीमागे गुणांचा एक नियम. तीन पत्ते उलटे ठेवायचे, ते त्या डावाचे नियम. उरलेले 15 पत्ते गोल मांडायचे. सुरुवात कुठूनही करावी. मग घड्याळाच्या काट्याप्रमाणे पुढचा पत्ता घ्यायचा आणि आपल्या गावाला जोडायचा, शेजारी किंवा थोडा वर चढवून. एक प्रकारची जमीन जितकी सलग, तितके गुण. पुढचा पत्ता नको असेल तर तो सोडून त्याच्या पलीकडचा घेता येतो. पण सोडलेले सगळे पत्ते फुकटात समोरच्याला मिळतात.

मूळ पत्त्यांवर गायी आणि गाड्या आहेत, तशा बंदुका आणि दारूच्या बाटल्याही आहेत. ते काही घरात नको वाटलं. मग मी जुन्या लग्नपत्रिका कापून आपलाच जोड केला. डोंगर, जंगल, पाणी, कुरण, शेत आणि गावठाण. चित्रं विहीर, बैलगाडी, गाय, कणगी, मंदिर आणि लिंबाचं झाड. मेडशीच्या भोवती डोंगर आणि जंगल आहेच, त्यामुळे काय काढू असा प्रश्न पडला नाही. एका पत्त्यामागे नियम लिहिला: 'विहिरीला लागून शेत असेल तर 2 गुण.'

आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, ते पत्ते पाहिले आणि लांब सरकून बसल्या. म्हणाल्या, "हे घरात नको वं."

मी म्हटलं, "आई, खोटी जमीन आहे, कागदाची."

"यशोधर राजाचा कोंबडाही पिठाचाच होता," त्या म्हणाल्या.

यावर बोलायला मला जागाच नव्हती. तुम्हाला कथा माहीत आहे. राजा यशोधराने आईच्या आग्रहाखातर खऱ्या कोंबड्याऐवजी पिठाच्या कोंबड्याचा बळी दिला, आणि दोघांनाही पशुयोनीत जन्मामागून जन्म घ्यावे लागले. सोमदेवसूरींनी दहाव्या शतकात 'यशस्तिलक' लिहिलं ते याच कथेवर. वस्तू खोटी असली तरी भाव खरा असतो, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं.

मग बऱ्याच वेळाने त्यांनी सांगितलं. त्यांच्या वडिलांची पाच एकर काळी जमीन पोळ्याच्या पाडव्याला तीनपत्तीत गेली होती. विहिरीसकट. तेव्हा त्या नऊ वर्षांच्या होत्या. मी या घरात आले त्याला सव्वीस वर्षं झाली; हे मी पहिल्यांदा ऐकत होते.

मी पत्ते कपाटात ठेवून दिले. पुन्हा विषय काढला नाही.

चातुर्मासात दिवस मावळायच्या आत जेवण होतं आणि पुढची संध्याकाळ लांबलचक असते. सासरे गेल्यापासून त्या वेळात घर फार शांत असायचं. पंधरा-वीस दिवसांनी एकदा आईच म्हणाल्या, "ते तुझं गाव दाखव बरं." मी नियम सांगितले. सोडलेला पत्ता समोरच्याला मिळतो, हे त्यांनी दोनदा विचारून घेतलं. "म्हणजे घ्यायची जबरदस्ती नाही. आणि सोडलं ते वाया जात नाही."

पहिल्याच डावात त्यांनी पाण्याचे चांगले दोन पत्ते सोडले. मी विचारलं, का? "तुह्याकडे पाणी कमी हाय." डाव मी जिंकले. त्यांनी गुण मोजले, पत्ते एकावर एक ठेवले, रबर लावलं आणि सामायिकाला बसायला उठल्या. उठता उठता म्हणाल्या, "आमच्या बाबाले एवढंच जमलं नाही. उठून येणं."

मी तेव्हापासून यावर विचार करते आहे. श्रावकाने परिग्रहाची मर्यादा घालायची त्या यादीत पहिलं नाव 'क्षेत्र', म्हणजे शेतजमिनीचं आहे. सोनं-नाणं त्याच्या नंतर. जमिनीची ओढ सगळ्यात जुनी आणि सगळ्यात घट्ट, हे आचार्यांना ठाऊक असणार. पिठाच्या कोंबड्याने मारण्याचा भाव जागा झाला. मग कागदाच्या जमिनीने कोणता भाव जागा होतो, तेच बघायचं. हाव वाढते आहे असं दिसलं तर डाव आवरावा. समोरच्याला पाणी सोडावंसं वाटलं, तर तोही भाव खराच म्हणायचा.

द्यूत पणात असतं, म्हणून आमच्याकडे पण नाही, एका बदामाचाही नाही. गुण लिहून ठेवत नाही. दिवसाला एकच डाव, आणि सामायिकाआधी पत्ते डब्यात. हार-जीतच नको असेल तर 2018 चा 'स्प्रॉलोपोलिस' आहे, तोही 18 पत्त्यांचा. त्यात सगळे मिळून एकच शहर उभं करतात आणि ठरलेले गुण गाठतात. प्रत्येक रस्त्यामागे एक गुण कापला जातो, त्यामुळे रस्ते जपून काढावे लागतात.

तुमच्यापैकी कुणी पत्त्यांना हात न लावण्याचा नियम घेतला असेल, तर माझं वाचून तो सोडू नका. ज्यांच्याकडून घेतला त्या महाराजांना किंवा माताजींना विचारा. आणि घरात कुणी पत्ते पाहून लांब सरकून बसलं, तर आधी त्यांचं ऐका. काहीतरी कारण असतं.

आईंनी परवा नवा पत्ता करायला सांगितला आहे. काळी जमीन, आणि मधोमध विहीर. पत्रिका कापून ठेवली आहे, आज रंगवते.