वैनगंगेकाठी तीन दिवस, दोन रात्री

आमच्या एका मित्राचा मुलगा नोकरीनिमित्त आयर्लंडला असतो. त्याने मागे वडिलांना तिकडे बोलावून घेतले आणि बसच्या सहलीने सारा देश दाखविला. दिवसभर किल्ले, जुने मठ, समुद्राचे कडे पाहायचे आणि रात्री मुक्कामाच्या गावी पबमध्ये बसून ओळखी-अनोळखी लोकांबरोबर गाणी म्हणायची, असा त्या सहलीचा शिरस्ता. परत आल्यावर मित्र म्हणाला, "पाहिलेले निम्मेअधिक विसरलो, पण त्या रात्री ध्यानात आहेत."

ते ऐकून आमच्या मंडळींच्या मनाने घेतले की, आपणही आपला मुलूख असाच पाहावा. वसतिगृहात एका पंक्तीला जेवलेले आम्ही अकरा जण. सारे आता निवृत्त. दिवाळी संपून मंडईचे दिवस सुरू झाले होते. सतरा आसनांची गाडी भाड्याने ठरविली आणि नागपूरहून उमरेड, भिवापूर या वाटेने निघालो. दोन्ही बाजूंना कापणीला आलेला धान, मधूनच एखादी बोडी. मुक्काम भंडारा जिल्हा!

पहिला थांबा पवनी. वैनगंगेच्या काठी मातीचा जुना तट आणि खंदक असलेले हे गाव आपल्या वाचकांना नावाने ठाऊक असेलच. 1969-70 साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी मिळून येथे उत्खनन केले. डॉ. शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांच्या देखरेखीखाली जगन्नाथ टेकडीच्या पोटातून विटांचा प्राचीन स्तूप आणि कोरीव दगडी कठड्याचे अवशेष निघाले. मुचलिंद नागाचे शिल्प सापडले, त्यावर ब्राह्मी लिपीत त्याचे नाव. काही दगडांवर दान देणाऱ्यांची नावे आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी ज्यांनी पदरचे देऊन एकेक दगड उभा केला, त्यांची नावे मातीने जपून ठेवली होती. आम्ही टेकडीवर उभे राहून त्रिशरण-पंचशील म्हटले. तेथून जवळच रुयाडचा, जपानी सहकार्याने उभारलेला महासमाधिभूमी स्तूप पाहिला.

रात्री पूल ओलांडून लाखांदूरच्या बाजूच्या एका गावी गेलो. मंडईनिमित्त नाटक होते. झाडीपट्टीत दिवाळीपासून होळीपर्यंत गावोगाव नाटके रंगतात, हे पुष्कळांना ठाऊक नसते. रात्री दहाच्या सुमारास पडदा वर जातो, तो पहाटे कोंबडा आरवेपर्यंत! याच रंगभूमीचे एक कलावंत परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली. चादरी पांघरून आम्ही लोकांत बसलो. शेजारच्या बाईंनी ओळख ना पाळख, लाखोळीचे वडे पुढे केले. बाटलीचे म्हणाल, तर आमच्या गाडीत तिला जागा नव्हती. मंडपाबाहेरची चहाची टपरी हाच आमचा पब. तेथे ऑर्गनच्या सुरावर आमच्या एका माजी हेडमास्तरांनी अशी मान डोलविली की, कपातला चहा अर्धा सदऱ्यावर सांडला.

दुसऱ्या दिवशी गोसीखुर्द धरण. 22 एप्रिल 1988 रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते याची पायाभरणी झाली; 2009 साली त्याला राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला. अकरा किलोमीटरहून लांब धरण, तेहतीस दरवाजे. समोर नजर पोचेल तेथवर पाणी. आमची मंडळी खूश! कोणी फोटो काढू लागले, कोणी म्हणाले, "वा, समुद्रच की हो!" एकटा मित्र मात्र बाजूला उभा होता. हेडमास्तरांनी हाक मारली, "काहून गा, चूप झालास?"

त्याने लांब बोट दाखविले. "तो डोंगा दिसते ना, तेथी माझा घर होता."

झाडीकडच्या बोलीत घर ‘होता’ असेच म्हणतात. वसतिगृहात आम्ही त्याच्या या बोलीला हसत असू. त्या दिवशी कोणी हसले नाही.

वाचकहो, लाज वाटावी अशी गोष्ट पुढे आहे. वसतिगृह सोडल्यापासून हा मित्र दर दिवाळीला आम्हांला पत्र टाकायचा, "मंडईला घरी या." आम्ही दर वर्षी कळवायचो, "पुढच्या वर्षी नक्की." कोणाच्या बदल्या, कोणाच्या मुलांच्या परीक्षा. गाव तेथे होते तोवर आमच्यापैकी एकही गेला नाही. गेलो तेव्हा वर पाणी होते, आणि आम्ही त्याचे फोटो काढीत होतो.

ती रात्र आम्ही त्याच्या नव्या गावठाणातल्या घरी काढली. वहिनींनी तांदळाची भाकर आणि मासोळीचा रस्सा केला होता. भिंतीवर बाबासाहेबांची जुनी तसबीर होती. घर सोडताना सर्वांत आधी तीच बाहेर काढली, असे वहिनी म्हणाल्या. 1954 साली बाबासाहेब भंडाऱ्याहून लोकसभेची पोटनिवडणूक लढले आणि पराभूत झाले; त्यानंतर मित्राच्या वडिलांनी ती तसबीर लावली होती. हरलेल्या वर्षी लावलेली म्हणून तिचे मोल घरात अधिक.

जेवणानंतर अंगणात बसलो. आधी कोणी गाईना. मग मित्रानेच जुन्या गावच्या दंडारीतले एक गाणे सुरू केले. दोन शेजारी भिंतीवरून डोकावले, येऊन बसले, धृपद उचलू लागले. त्यांच्याकडून कळले की, हे गाणे त्या गावचेच. गाव हलले तेव्हा लोक वेगवेगळ्या ठिकाणी पांगले. मध्यरात्रीपर्यंत त्या गावातल्या गल्ल्या, चावडी, बोडी, चिंच, सारे आम्ही ऐकून पाहिले.

तिसऱ्या दिवशी भंडाऱ्याला पितळी भांड्यांच्या दुकानांतून फिरलो. मित्राच्या घरासाठी एक तांब्या घेतला आणि तो चालकाच्या हाती न देता, गाडी वळवून, स्वतः नेऊन दिला. येताना त्याने विचारले, "पुढच्या मंडईले?"

या वेळी आम्ही ‘पाहू’ म्हटले नाही. गाडी तिथल्या तिथे ठरविली. आपल्यालाही असे कोणी बोलावीत असेल, तर जाऊन या.