सत्त्याऐंशीचा पाढा

आमच्या घरात गेली चार वर्षे 87 या आकड्याला मोठा मान आहे. दारातला कडुलिंब किती फूट, भागिले 87. नवे कपाट आले, त्याची उंची भागिले 87. नववीतली पुतणी तर एकदा आपल्या वर्गशिक्षिकेलाच 87 ने भागून बसली. उत्तर साडेअठरा मिलिमीटरच्या आसपास आले आणि ते तिने घरभर सांगितले. आम्ही स्वतः शिक्षक असल्याने रागावणे भाग होते, पण भागाकार बरोबर होता.

कारण असे, की छोट्या रेल्वेचा जो छंद जगभर चालतो, त्यात सर्वांत रूढ प्रमाण 1:87 हे आहे. त्याला एचओ म्हणतात. युरोप-अमेरिकेतला नेहमीचा रूळ 1435 मिलिमीटर रुंदीचा. त्याला 87 ने भागले की 16.5 मिलिमीटर येतात. तेवढ्या अंतरावर दोन बारीक रूळ, त्यांतून 12 व्होल्टची वीज आणि वर वीतभर इंजिन. जर्मनीतल्या मार्कलिन कंपनीने 1891 साली लाइपझिगच्या जत्रेत खेळण्यातली आगगाडी ठरावीक मापांच्या रुळांसह मांडली, तेव्हापासून ही गोष्ट मुलांच्या हातून हळूहळू बापांच्या हातात गेली. अमेरिकेत 1934 पासून आणि इंग्लंडमध्ये 1949 पासून केवळ या छंदाला वाहिलेली मासिके निघतात. म्हणजे हा पोरखेळ असेल, तर तो फार टिकलेला पोरखेळ आहे.

आम्ही म्हणजे कोण, हेही सांगितले पाहिजे. आम्ही तीन भाऊ, त्यातला धाकटा मस्कतला. अब्बा, जे कुर्डुवाडीच्या रेल्वे कारखान्यात फिटर होते आणि निवृत्तीनंतर बार्शीच्या जुन्या घरी आले. आणि रविवारी अस्रच्या नमाजनंतर आमच्या माडीवर जमणारी तीन-चार माणसे: एक शिंपी चाचा, बँकेतून निवृत्त झालेले एक काका, आणि गार्डकाका, ज्यांची सारी नोकरी आमच्या नॅरोगेजवर झाली.

ही नॅरोगेज ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. बार्शी लाइट रेल्वे 1897 साली बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, ते बार्शी अशी सुरू झाली. 1906 साली ती पंढरपूरला पोचली, 1911 साली लातूरला आणि 1927 साली मिरजेला. रुळांची रुंदी अडीच फूट, म्हणजे 762 मिलिमीटर. ती बांधणारे इंजिनिअर एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांचा एकच हट्ट होता, की इंजिन असो वा मालडबा, कोणत्याही आसावर 5 टनांपेक्षा जास्त भार येता कामा नये. भार सगळ्या चाकांवर सारखा वाटला की हलके, स्वस्त रूळही पुरतात, हे त्यांनी आमच्या काळ्या मातीवर सिद्ध करून दाखवले. (हेच गृहस्थ पुढे विमानातून उडी मारण्याच्या छत्र्या बनवू लागले आणि अरबी घोडेही पाळत. एका जन्मात माणसाने किती करावे!) 2008 पर्यंत कुर्डुवाडी–लातूर मार्ग ब्रॉडगेज झाला, पुढे मिरजेकडचाही झाला. गाड्या मोठ्या आल्या, जलद आल्या. त्याबद्दल तक्रार करणे हा कृतघ्नपणा होईल. पण अब्बांच्या हातांना ज्या गाडीची सवय होती, ती गेली.

अब्बांचे बोलणे त्या सुमारास कमी झाले. जेवण झाले का, औषध घेतले का, दार लावले का, एवढ्यावर दिवस जाई. आपल्याकडे निवृत्त माणसाला बसायला दोन जागा आहेत, एक मशिदीबाहेरचा कट्टा आणि दुसरी दवाखान्यातला बाक. अब्बांना दोन्ही आवडत नव्हत्या.

अशात धाकट्याने मस्कतहून येताना मुलांसाठी एक छोटा रेल्वेसंच आणला. तो एचओचा नव्हता, त्याहून लहान, 1:160 प्रमाणाचा होता. त्याचा रूळ 9 मिलिमीटर. मुलांनी तो दोन दिवस फिरवला आणि सोडून दिला. तिसऱ्या दिवशी अब्बांनी आपली जुनी स्टीलची पट्टी काढून तो रूळ मोजला, कागदावर काहीतरी मांडले आणि आम्हाला हाक मारली. 762 भागिले 87, उत्तर 8.76. म्हणजे 9 मिलिमीटरच्या रुळावर 1:87 ची बार्शी लाइट जवळजवळ बिनचूक बसते. फरक पाव मिलिमीटरचा!

हे किती नशिबाचे आहे, ते ब्रॉडगेज करणाऱ्यांना विचारावे. आपला ब्रॉडगेज 1676 मिलिमीटर, त्याला 87 ने भागले की सव्वाएकोणीस येतात. असा रूळ बाजारात तयार मिळत नाही, म्हणून बहुतेक लोक 16.5 च्या रुळावरच भारतीय इंजिन चालवतात आणि जाणत्या डोळ्याला ते उंच टाचांवर उभे असल्यासारखे दिसते. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी उभारलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय 1998 पासून आहे. मुलांना घेऊन आम्ही ते पाहिले आहे. तिथे बत्त्या मंद होऊन गावात रात्र होते आणि गाड्या चालूच राहतात, तेव्हा मोठी माणसेही बोलायची थांबतात. तशी ऐपत आमची नाही. एका चांगल्या परदेशी इंजिनाच्या पैशात आमच्या घरातल्या दोन मुलांची वर्षाची फी निघते.

आम्ही खेळण्याच्या इंजिनाची फक्त चाके आणि मोटर ठेवली आणि वरचे धड लग्नपत्रिकांच्या पुठ्ठ्याचे केले. डबेही त्याच पुठ्ठ्याचे. यंदाच्या लग्नसराईत पत्रिकांचा पुठ्ठा फारच पातळ आला, अशी अब्बांची तक्रार आहे. झाडांसाठी वाळक्या काटक्या आणि घोसाळ्याची जाळी. रुळांखालची खडी म्हणजे क्रशरची कच, चाळणीने चाळलेली. ती पसरून वर पाण्यात पातळ केलेला फेविकॉल ड्रॉपरने सोडायचा. त्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब घातला की तो खडीत झिरपतो, नाहीतर वरच गोळे होऊन बसतो. आणि रुळांच्या सांध्यात पोस्टकार्डाच्या जाडीची फट ठेवायची. खऱ्या रुळांत ठेवतात त्याच कारणाने. एप्रिलमध्ये आमची माडी तापते तेव्हा इवलासा रूळही फुगतो.

आता जागेचे गणित पाहा. बार्शी ते कुर्डुवाडी सुमारे 35 किलोमीटर. 87 ने भागले तरी 400 मीटर होतात. आमच्याकडे 8 फुटांची एक प्लायवूडची फळी. तिच्यावर खरे अंतर मावते 212 मीटर. तेव्हा एकच लहान स्थानक करायचे ठरले आणि त्यात काय ठेवायचे नि काय गाळायचे, यावर भांडण सुरू झाले. गार्डकाका म्हणत, पाण्याची टाकी फलाटाच्या या टोकाला होती. अब्बा म्हणत, "टाकी उधर नै थी. उधर इमली का झाड था." टाकीवरून गोष्ट वारीच्या गर्दीवर जायची, वारीवरून टपावर बसलेल्या लोकांवर, तिथून कारखान्यातल्या संपावर, आणि मग कधीतरी हळूच गार्डकाका सांगायचे की साखर पुन्हा वाढली आहे, मुलगा बदली मागतो आहे. शिंपी चाचांनी आपल्या मुलीचे सासर सुटल्याची गोष्ट आम्हाला सांगितली तेव्हा त्यांच्या हातात चिमटा होता आणि नजर स्लीपरवर होती. समोरासमोर बसवून विचारले असते तर त्यांनी सांगितले असते का, याची आम्हाला शंका आहे. दोघांना आठवणारी स्थानके बहुधा वेगळी होती, म्हणून आमच्या स्थानकाची पाटी अजून कोरी आहे. भाषा शिकवणाऱ्या माणसाच्या घरात कोरी पाटी असणे शोभत नाही, पण इलाज नव्हता.

याच कॅलथ्रॉपसाहेबांमुळे आमची आणखी एक ओळख झाली. बार्शीनंतर सात वर्षांनी, 1904 साली, इंग्लंडमध्ये स्टॅफर्डशायरच्या डोंगरदरीत लीक अँड मॅनिफोल्ड नावाची एक छोटी रेल्वे सुरू झाली. तीही अडीच फुटी, तिचेही इंजिनिअर कॅलथ्रॉप. डब्यांना दोन्ही टोकांना आपल्यासारखे व्हरांडे, इंजिनाला आपल्या मुलखात शोभणारा भला मोठा दिवा. विलायतेतली वस्तू आपल्याकडे आली, असे आपण नेहमी ऐकतो. इथे बार्शीचा नमुना विलायतेत गेला. ती रेल्वे दुधाचे कॅन वाहायची आणि 1934 साली बंदही पडली. आता तिथे पायवाट आहे. पण छंदी लोकांत तिचे मॉडेल करणारे बरेच आहेत. धाकट्याच्या कंपनीतले एक निवृत्त इंग्रज इंजिनिअर त्यांतलेच निघाले. वय 78. आमची मुले त्यांना विलायतवाले काका म्हणतात.

त्यांची पत्रे धाकट्यामार्फत फोनवर येतात. आम्ही अब्बांना ती मराठीत वाचून दाखवतो आणि अब्बा जे सांगतील ते इंग्रजीत लिहून पाठवतो. फोटो बोगद्याच्या तोंडाचा असतो आणि खाली लिहिलेले असते की शेडच्या छतातून पाणी गळते आहे, नात चालायला लागली. अब्बांनी एकदा विचारले, "यांना दुसरे कोणी नाही का सांगायला?" मग स्वतःच म्हणाले, "छत गळते हे सांगायला तरी कोणी लागतेच."

एक प्रश्न मात्र त्यांच्या टेबलावर नव्हता, तो आमच्या माडीवर होता. त्यांच्या फलाटावर रंगवलेली चाळीसेक माणसे उभी आहेत. आमच्या फलाटावर माणसे ठेवायची का? अम्मी म्हणाल्या, "जिथे नमाज पढता तिथे पुतळे मांडणार?" यावर वाद घालण्यात अर्थ नव्हता, आणि अम्मींचे म्हणणे आम्हाला मान्यही होते. बँकेतल्या काकांनी तोड काढली. माणूस नको, माणसाची वस्तू ठेवू. आता फलाटावर एक वळकटी आहे, तीन फळ्यांचा बाक, बाकाखाली चपलांचा जोड, बाकावर मिटलेली छत्री, भिंतीला टेकलेली सायकल आणि एक कोंबड्यांचा खुराडा, रिकामा. चपलांचा जोड अम्मींनी स्वतः कापला, जुन्या पर्सच्या कातड्यातून. प्रत्येक चप्पल 3 मिलिमीटर. फोटो पाहून विलायतवाल्या काकांनी विचारले की सगळे गेले कुठे. अब्बांनी उत्तर सांगितले, "गाडीला वेळ आहे, चहाला गेलेत." त्यांचे पत्र आले, चहाची गरज त्या दिवशी त्यांनाही होती, बायकोच्या खुब्याची शस्त्रक्रिया चालू असताना ते दवाखान्यात बसून आमचा फोटो पाहत होते.

गार्डकाका गेल्या दिवाळीनंतर गेले. रात्री छातीत दुखले आणि सकाळपर्यंत सगळे संपले. तेरावे झाल्यावर त्यांची सून बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन आमच्याकडे आली. आत अर्धा झालेला ब्रेकव्हॅन होता, गार्डाचा शेवटचा डबा. बाजूच्या दोन भिंती, छत नाही, आणि चिमटीत न येणारा एक कंदील. "याचं काय करतात, आम्हाला कळत नाही," ती म्हणाली. अब्बांनी डबा घेतला आणि कपाटावर ठेवून दिला. कितीतरी रविवार कोणी तो उतरवला नाही.

विलायतवाल्या काकांना हे कळवले तेव्हा त्यांनी जॉन अ‍ॅलन यांच्याबद्दल लिहिले. कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरे गावी घराच्या तळघरात या माणसाने वर्षानुवर्षे डोंगर, दऱ्या, पूल आणि त्यांतून फिरणारी रेल्वे उभी केली. या छंदातले लोक आजही तिच्या छायाचित्रांवरून शिकतात. जानेवारी 1973 मध्ये अ‍ॅलन वारले आणि दहाच दिवसांनी आग लागून तिचा बहुतेक भाग जळाला. पुढे काकांनी लिहिले होते की त्यांनी स्वतः आपल्या प्रत्येक डब्याच्या पोटाला पेन्सिलीने नाव लिहून ठेवले आहे, कोणाला काय द्यायचे ते. अम्मी हे ऐकून म्हणाल्या, "वसियत लिहिलेली आहे. चांगले केले." मग अब्बांकडे पाहून, "तुम्ही?"

अब्बांनी त्या संध्याकाळी बिस्किटांचा डबा उतरवला. ब्रेकव्हॅन उलटा करून चष्म्यापुढे धरला. पोटाला काही लिहिलेले नव्हते.

गार्डकाकांचा नातू सातवीत आहे. तो आता रविवारी येतो. छताचे माप त्याने स्वतः काढले. पहिला प्रश्न त्याने विचारला तो असा, की आजोबा उभे राहायचे ते डाव्या बाजूला की उजव्या. याचे उत्तर आमच्यापैकी एकट्या अब्बांना माहीत होते आणि ते द्यायला त्यांना मगरिबपर्यंत वेळ लागला, कारण ते फलाट कोणत्या बाजूला येई यावर अवलंबून होते आणि फलाट म्हटले की पुन्हा टाकी आली. मुलाने ती आजोबांच्या बाजूने लढवली.

मागच्या आठवड्यात कंदिलात तांबडा दिवा बसला, 1 मिलिमीटरचा. पावसाळ्याआधी फळी उचलून तिला खालून वार्निश द्यायचे आहे, नाहीतर प्लायवूड फुगते आणि रूळ वाकतात. धाकटा ईदला येतो आहे. दोन रूळ जास्त आणायला सांगितले आहेत. अम्मींची यादी भरून बॅगेत वजन उरले तर आणीन, असे तो म्हणतो.